पाढे पाठ, आकडेमोड चोख, तरी शाब्दिक उदाहरण अडतंच? आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा

दर वर्षी शिष्यवृत्तीची तयारी सुरू झाली की चौथी-पाचवीच्या पालकांकडून एकच तक्रार येते, शब्द थोडे इकडेतिकडे. "मॅडम, याला गुणाकार-भागाकार सगळं येतं, पाढे तीसपर्यंत पाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण दिलं की दोन ओळी वाचतो न वाचतो तोच विचारतो, आई बेरीज करू की वजाबाकी?" मग आई सांगते वजाबाकी कर, तो पटकन करतो, उत्तर बरोबर येतं, सगळे खूश. दोन दिवसांनी तशाच उदाहरणाला परत तोच प्रश्न.

हे सारखं होतं कारण आपण दुरुस्ती भलत्याच जागी करत बसतो. आकडेमोड पक्की असलेल्या मुलाकडून अजून आकडेमोड करून घेतो, आणि खरा बिघाड असतो तो वाचून झाल्यापासून पेन्सिल कागदाला टेकेपर्यंतच्या मधल्या जागेत. तिथे मुलाच्या डोळ्यासमोर काही उभंच राहत नाही, नुसते दोन-तीन आकडे दिसतात आणि त्यांचं काय करायचं एवढाच विचार सुरू होतो. खालचं सगळं त्या मधल्या जागेबद्दल आहे.

आधी खात्री करा

मुलाला आज हे उदाहरण द्या, आधी काही न सांगता: "एका होडीत २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर तांडेलाचं वय किती?"

फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गणित शिक्षण संशोधकांनी १९७९-८० च्या सुमारास असंच उदाहरण (त्यांच्याकडे जहाज आणि कप्तान होता) आपल्या दुसरी-तिसरीच्या वयाच्या ९७ मुलांना घातलं होतं, आणि त्यातल्या ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून काहीतरी उत्तर काढून दिलं. आपल्याकडेही बरीच मुलं ३६ सांगतात, कारण माणसाचं वय ३६ शोभतं. तुमच्या मुलाने ३६ सांगितलं तर प्लीज हसू नका आणि रागावूही नका. ते मूल मठ्ठ नाहीये, त्याने आत्तापर्यंत जे पाहिलंय त्यातून अगदी बरोबर नियम काढलाय, की गणिताच्या पुस्तकात आकडे दिलेत म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच असतं आणि उत्तर हे असतंच. फक्त तो नियम आता काढून टाकायचाय.

पुढची तपासणी थोडी शांतपणे करायची आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मुलांच्या चुका तपासायची एक रीत मांडली, मी तीच वापरते कारण तिच्यात अंदाजपंचे काही नाही. चुकलेलं उदाहरण परत पुढ्यात ठेवायचं आणि पाच गोष्टी ओळीने विचारायच्या: मोठ्याने वाचून दाखव. काय काढायला सांगितलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कसं काढणार ते सांग. आता करून दाखव, करताना बोलत राहा. आणि शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिही. मधे बोलायचं नाही, चूक दिसली तरी नाही, आणि हे पालकांना फार जड जातं. मूल ज्या पायरीवर पहिल्यांदा अडखळेल तिथे आपला बिघाड. बहुतेक वेळा तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पायरीवर सापडतो, चौथ्यावर फार कमी, आणि आपण सगळा सराव मात्र चौथ्या पायरीचा घेत असतो.

वाचताना अडत असेल तर

हे पटकन आवरते कारण यावर उपायही सोपा आहे. काही शब्द मुलाला कोणी सांगितलेलेच नसतात: प्रत्येकी, उर्वरित, अनुक्रमे, सलग, किमान, शेकडा. "४ मुलांना प्रत्येकी १५ वह्या" यातला प्रत्येकी गळला की मूल १५ ला ४ ने भागायला जातं आणि मग बाकी का उरतेय म्हणून गोंधळतं. सेमी आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांचं सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच इथे फार अडतं. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, पावणेतीन किलो म्हणजे २ किलो ७५० ग्रॅम, हे घरात बोलताना वापरत राहा, भाजी आणायला मुलाला बरोबर न्या, आठवड्याभरात येतं. डझन, ग्रोस, दस्ता, रीम हे मात्र पाठच करून घ्या, ग्रोस १४४, दस्ता २४ कागदांचा आणि रीम २० दस्त्यांचं म्हणजे ४८० कागद. दुकानातलं रीम आता ५०० कागदांचं मिळतं, त्यामुळे हुशार मुलं इथे भांडतात आणि त्यांचं बरोबरही असतं, त्यांना सांगायचं की सरावाच्या पुस्तकातल्या उदाहरणात २० दस्ते धर.

"एकूण म्हणजे बेरीज" हा तक्ता भिंतीवरून काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. किती तरी घरांत अभ्यासाच्या टेबलासमोर तक्ता चिकटवलेला असतो, एकूण, मिळून, जास्त म्हणजे बेरीज. उरले, कमी, फरक म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी, पट म्हणजे गुणाकार. दुसरीत हे चालतं कारण दुसरीची उदाहरणं तशीच असतात. चौथीपासून पेपर काढणारे मुद्दाम उलटी रचना करतात आणि मग हा तक्ता मुलाला सरळ खड्ड्यात नेतो.

"रमाकडे २४ बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ८ ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती बोरं?"

जास्त दिसलं, २४ अधिक ८, ३२. आणि पर्यायांमध्ये ३२ असतोच, तो ठेवलेलाच असतो, कारण चुकीचे पर्याय हे मुलं ज्या चुका करतात त्यांच्यावरूनच बनवलेले असतात. त्यामुळे "माझं उत्तर पर्यायात आहे म्हणजे बरोबर आहे" हा दिलासा बिलकुल खरा नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. खरं उत्तर १६, कारण जास्त रमाकडे आहेत, सलमाकडे नाहीत.

इथे मुलाला "नीट वाच" सांगून काही उपयोग होत नाही. त्याने नीटच वाचलेलं असतं. त्याला विचारायचं एवढंच, "कोणाकडे जास्त आहेत?" एक नाव सांग. आकडा नको, बेरीज-वजाबाकी नको, नुसतं नाव. नाव बरोबर आलं की पुढचं बहुतेक मुलं आपणच करतात.

पट्ट्या काढायच्या, आणि पट्टी काढल्याशिवाय आकडेमोड करायची नाही

सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून ही रीत शिकवतात आणि ती आपल्या मुलांना अगदी सहज जमते, वेगळं साहित्य लागत नाही, चौकटीची वही पुरे. रमाची एक आडवी पट्टी काढायची, तिच्याखाली डाव्या बाजूने बरोबर जुळवून सलमाची. कोणाची लांब? रमाची. किती लांब? ८. तो जादा तुकडा वेगळा दाखवायचा आणि त्यावर ८ लिहायचं, रमाच्या पूर्ण पट्टीवर २४ लिहायचं, सलमाच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. आता वजाबाकी करायची हे कोणी सांगावं लागत नाही, दिसतंच.

सुरुवातीला मुलं कंटाळा करतात, "आई मला येतंय, पट्टी कशाला?" म्हणतात, आणि सोप्या उदाहरणात त्यांना खरंच येत असतं. तरी काढायला लावा, कारण सोप्यावर हात बसला नाही तर अवघडवर पट्टी सुचत नाही. माझा नियम असा की पहिल्या काही आठवड्यांत उत्तर लिहिलं नाही तरी चालेल पण पट्टी पाहिजे, आणि मार्क मी पट्टीलाच देते.

खरी मजा पटीच्या आणि अपूर्णांकाच्या उदाहरणांत येते. "एका शेतकऱ्याने एकूण संत्र्यांपैकी एक चतुर्थांश संत्री बाजारात विकली, उरलेल्यांपैकी एक तृतीयांश नातेवाइकांना दिली, आता ६०० संत्री शिल्लक आहेत, तर सुरुवातीला किती होती?" यात मुलं एक चतुर्थांश आणि एक तृतीयांशची बेरीज करतात, सात द्वादशांश आणतात, पुढे पाच द्वादशांश म्हणजे ६०० करतात आणि १४४० उत्तर काढतात, इतकी सगळी मेहनत बरोबर आणि उत्तर चूक. कारण "उरलेल्यांपैकी" हा शब्द आकडेमोडीत दिसत नाही, पट्टीत दिसतो. एक पट्टी, चार सारखे भाग. एक भाग विकला, त्यावर काट मारा. उरले तीन. त्या तीनचा एक तृतीयांश म्हणजे एकच भाग, त्यावर पण काट. उरले दोन भाग, ते ६००. एक भाग ३००, चारही भाग १२००. अपूर्णांकांची बेरीजच करावी लागली नाही. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मुलांच्या तोंडून "एवढंच?" निघतं.

वयाची उदाहरणं पण अशीच. "आईचं वय ३६, मुलीचं ८. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या ३ पट होईल?" मुलं ८ त्रिक २४ करतात, ३६ मधून २४ वजा करतात, १२ सांगतात. इथे एक गोष्ट कळली पाहिजे आणि ती पट्टीशिवाय सांगता येते पण पटत नाही: दोघींच्या वयातला फरक कधी बदलत नाही, आज २८ आहे, मुलगी कॉलेजला गेली तरी २८. तीन पट होईल तेव्हा मुलीची पट्टी एक भाग, आईची तीन भाग, म्हणजे फरकाचे दोन भाग, आणि ते २८. एक भाग १४. मुलगी १४ ची होईल तेव्हा, म्हणजे ६ वर्षांनी. आई तेव्हा ४२. पडताळा झाला.

"एक्स धर ना" म्हणायचा मोह आवरा

हे खास करून इंजिनिअर बाबांसाठी, आणि मी मनापासून सांगतेय. तुम्हाला ते उदाहरण एका ओळीत दिसतं, एक्स आणि थ्री एक्स, मग ते मुलालाही तसंच द्यावंसं वाटतं. मूल नक्कल करतं, दोन-चार उदाहरणं जमतातही, पण एक्स म्हणजे काय धरलंय हे त्याला सांगता येत नाही, आणि उदाहरण जरा बदललं की तो आईच्या वयालाही एक्स धरतो आणि मुलीच्याही. समीकरणं पुढे शाळेत रीतसर येणारच आहेत. तिथे ज्या मुलांनी पट्ट्या काढल्यात त्यांना एक्स नवा वाटत नाही, ती प्रश्नचिन्हाच्या पट्टीला नाव देतात इतकंच. त्यामुळे दोन वर्षं थांबल्याने नुकसान काहीच नाही.

कोंबड्या आणि शेळ्या: पट्टी चालत नाही तेव्हा

"एका गोठ्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळून २० डोकी आणि ५६ पाय आहेत. शेळ्या किती?" इथे पट्टी काढायला गेलं की गोंधळ होतो, म्हणून वेगळी युक्ती. समजा सगळ्या कोंबड्याच आहेत. मग पाय ४०. पण आहेत ५६, १६ जास्त. एका कोंबडीच्या जागी शेळी आली की पाय २ ने वाढतात, म्हणून १६ भागिले २, ८ शेळ्या, १२ कोंबड्या. पडताळा ३२ आणि २४, झाले ५६.

यात मुलांचं अडतं ते "१६ भागिले ४" करण्यात, कारण शेळीला चार पाय. आणि कितीही वेळा "दोनने भाग" सांगितलं तरी ते विसरतात. त्यापेक्षा २० छोटे गोल काढायला लावा, प्रत्येकाला दोन पाय, मग उरलेले १६ पाय वाटायचे, एकेका गोलाला अजून दोन-दोन. एकदा हाताने वाटले की परत ४ ने भागत नाहीत. मग तेच नाण्यांवर घ्या: ५ आणि १० रुपयांची मिळून १८ नाणी, एकूण १३० रुपये. सगळी पाचची धरली तर ९०, जास्तीचे ४०, एक नाणं बदललं की ५ वाढतात, म्हणून दहाची ८ आणि पाचची १०. ही दोन्ही उदाहरणं एकच आहेत हे मुलाने आपणहून म्हटलं पाहिजे, तोपर्यंत तिसरं देऊ नका.

शेवट दिलाय आणि सुरुवात विचारलीय

"टोपलीतले निम्मे आंबे शेजारी दिले, उरलेल्यांपैकी ६ नातवंडांनी खाल्ले, मग जे उरले त्यातले एक तृतीयांश नासके निघाले, शेवटी १२ राहिले. सुरुवातीला किती?" इथे मागून यायचं. १२ म्हणजे दोन तृतीयांश, तर त्याआधी १८. खाल्लेले ६ परत टाका, २४. ते निम्मे होते, तर ४८. नेहमीची चूक पहिल्याच पायरीवर, मुलं १२ चा एक तृतीयांश काढून १६ करतात, तेव्हा विचारायचं, "एक तृतीयांश कशाचा? नासके काढायच्या आधीच्या ढिगाचा की नंतरच्या?"

ही मागून यायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत ती व्यस्तविधी म्हणून दिलीय, जिथे गुणलं असेल तिथे भागायचं, जिथे मिळवलं असेल तिथे वजा करायचं, असं करत शेवटाकडून सुरुवातीला यायचं. दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिला असता त्या कशा काढायच्या हेही तिथे आहे, त्याला संक्रमण म्हटलंय. दोघांकडे मिळून ८४ रुपये, एकाकडे १२ जास्त, तर जास्तीचे १२ बाजूला काढा, ७२ उरले, त्याचे निम्मे ३६, दुसऱ्याकडे ४८. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, की साडेआठशे वर्षांहून आधी कोणीतरी हेच उदाहरण असंच सोडवलंय. त्यांना आवडतं, आणि रीत लक्षातही राहते.

भागाकार बरोबर, उत्तर चूक

"१३७ मुलं सहलीला जाणार, एका बसमध्ये ४५ बसतात." १३७ भागिले ४५, भागाकार ३, बाकी २. आता किती बस लागतील? ४, कारण उरलेल्या दोघांना घरी ठेवता येत नाही. पूर्ण भरलेल्या बस किती? ३. शेवटच्या बसमध्ये रिकाम्या जागा किती? ४३. एकच भागाकार आणि तीन वेगळी उत्तरं, हे तीनही प्रश्न एकाखाली एक द्या, बाकी म्हणजे काय हे पोरांना यातून जेवढं कळतं तेवढं वीस भागाकार करून कळत नाही.

ही अडचण फक्त आपल्याच मुलांची आहे असंही नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, किती बस लागतील. भागाकार साधारण ७० टक्के मुलांनी बरोबर केला, पण ३२ बस हे उत्तर जेमतेम २३ टक्क्यांनी लिहिलं, बाकीच्यांत खूप जणांनी "३१, बाकी १२" लिहून सोडून दिलं. म्हणूनच ती पाचवी पायरी, उत्तर पूर्ण वाक्यात लिहायची, मी कधीच सोडू देत नाही. "सहलीसाठी ३ बाकी २ बस लागतील" असं वाक्य लिहिताना मुलाचा हात आपोआप थांबतो.

एकाने चुकणारी उदाहरणं

रस्ता १०० मीटर, एका कडेला दर ५ मीटरवर झाड, दोन्ही टोकांना झाडं आहेत. २० नाही, २१. तीच झाडं १०० मीटर घेर असलेल्या गोल तळ्याभोवती लावली तर २०. लाकडाचे ६ तुकडे करायचे तर काप ५ च, एका कापाला ४ मिनिटं तर २० मिनिटं, २४ नाही. पान ३५ पासून ६२ पर्यंत वाचलं तर २८ पानं. १७ जून ते ३ ऑगस्ट दोन्ही दिवस धरून किती दिवस? जूनचे १४, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३, झाले ४८, आणि जूनचे १३ धरणारी मुलं ४७ लिहितात.

कुठे एक मिळवायचा, कुठे वजा करायचा, कुठे काहीच नाही याचे नियम पाठ करून घेऊ नका, चार दिवसांत सगळे एकमेकांत मिसळतात. छोटं करून बघायला शिकवा. १०० मीटरऐवजी १० मीटर घे आणि झाडं काढ: ०, ५, १०, तीन झाडं. म्हणजे भाग दोन पण झाडं तीन. आता मोठं कर. ही सवय लागली की मूल कुठल्याही अनोळखी उदाहरणात स्वतःच छोटं करून बघतं.

वाढणार की कमी होणार, हे आधी सांग

३ मजूर एक काम ८ दिवसांत करतात, ४ मजूर किती दिवसांत? बरीच मुलं दिवस वाढवतात कारण मजूर वाढले. पेन्सिल उचलायच्या आधी एक शब्द बोलून घ्या, "वाढतील" की "कमी होतील". कमी होणार हे कळलं की ३ गुणिले ८ म्हणजे २४ मजुरांचे दिवस, भागिले ४, सहा दिवस. ही अंदाजाची सवय सगळ्याच उदाहरणांना लावा, पैशांच्या तर नक्की.

परीक्षेच्या हॉलमध्ये परत तसंच होतंय

घरी जमतं आणि पेपरात नाही, ही दुसरी मोठी तक्रार. हिशेब करून बघा, शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरमध्ये भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. यात प्रत्येक उदाहरणाला सुंदर पट्ट्या काढत बसणं शक्यच नाही, आणि काढायच्याही नाहीत. सरावात वहीभर काढलेली पट्टी परीक्षेपर्यंत दोन रेघांवर आली पाहिजे, पुढे पुढे ती डोक्यातच दिसते. म्हणून पट्ट्यांचं काम दिवाळीच्या आत उरका आणि घड्याळ लावून सराव त्यानंतर सुरू करा. उलट क्रम केला, म्हणजे आधीपासूनच घड्याळ लावलं, की घाबरून मूल परत आकडे बघून बेरीज-वजाबाकीकडे पळतं.

पेपर दोन फेऱ्यांत सोडवायला शिकवा, पहिल्या फेरीत अडलेलं सोडून पुढे जायचं. पण सोडताना उत्तरपत्रिकेवरच्या गोलांची ओळ सरकते ही खरी भीती आहे, प्रश्न २३ सोडला आणि २४ चं उत्तर २३ समोर रंगवलं की पुढचं सगळं गेलं. घरी सराव पेपर घेताना उत्तरपत्रिकेची झेरॉक्स द्या आणि दर पाच प्रश्नांनी नंबर जुळवून बघायची सवय लावा.

रोज किती द्यायची

दोन. मी गंभीरपणे सांगतेय, रोज वीस देणाऱ्या घरांमध्येच ही तक्रार परत परत येते, कारण वीस म्हटल्यावर मूल लवकर संपवायच्या मागे लागतं. दोन उदाहरणं, पट्टी किंवा चित्र, पूर्ण वाक्यात उत्तर, पडताळा. एक कालच्या प्रकारातलं आणि एक मुद्दाम वेगळं, एकाच प्रकारची दहा सलग देऊ नका, कारण मग तिसऱ्यापासून मूल वाचतच नाही, वरची रीत खाली उतरवतं. आठवड्यातून एकदा जास्तीचा आकडा असलेलं किंवा माहिती अपुरी असलेलं घाला, जसं "दुकानदाराने ४० रुपये किलोचा तांदूळ ३ पोती घेतला, किती रुपये लागले?" पोत्यात किती किलो ते दिलंच नाही, आणि मुलाने तसं म्हटलं की पूर्ण मार्क. शनिवारी मुलाने तुमच्यासाठी एक उदाहरण बनवायचं, तुम्ही सोडवायचं आणि त्याने तपासायचं. सहा अधिक चार दहा, यावरून दोन वेगळ्या गोष्टी बनव म्हटलं तरी कळतं की याच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहतंय की नाही.

सुरुवातीसाठी चार देते, रोज दोन प्रमाणे दोन दिवसांची.

एक: अनया रांगेत समोरून १२ वी आणि मागून १५ वी आहे, रांगेत मुली किती? दोन: एका संख्येला ३ ने गुणलं, ८ मिळवले, आलेल्या संख्येला ५ ने भागलं तर ७ आले, ती संख्या कोणती? तीन: तीन सलग विषम संख्यांची बेरीज ६९, तर सगळ्यात मोठी कोणती? चार: ५ पेन आणि ३ वह्यांचे १३५ रुपये, ५ पेन आणि ५ वह्यांचे १८५ रुपये, तर एक पेन केवढ्याला?

उत्तरं अनुक्रमे २६, ९, २५ आणि १२ रुपये. पहिल्यात मूल २७ म्हणालं तर अनया दोनदा मोजली गेलीय, रांगेचं चित्र काढून तिच्यावर बोट ठेवायला सांगा. चौथ्यात दोन्ही खरेदी एकाखाली एक लिहायला लावा, पेन तेवढेच आहेत, वह्या दोन वाढल्या आणि पैसे ५० वाढले, इथपर्यंत मुलाला स्वतःच बघू द्या, वही २५ ची निघाली की तिथून पेनाची किंमत तो आपली आपण काढेल.